मदत हवी आहे: गोरज मुहूर्ताचं लग्न, घरचं खळं आणि दिव्यांची योजना

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरलंय. कार्यालयात नाही, गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. मुहूर्त गोरज. तेव्हा आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे अंतरपाट धरला जाईल तेव्हा उजेड असेल आणि सप्तपदीपर्यंत पूर्ण काळोख. पुढची जेवणं, पाठवणी, सगळं दिव्यांवरच.

मांडववाल्याने यादी दिलीय: हजार वॉटचे सहा हॅलोजन, पोफळींवर निळे-जांभळे एलईडी पार (रंगीत फोकस), वधूवरांच्या मागे लुकलुकणाऱ्या माळा. मला यातलं काहीच पटत नाहीये. घर जांभ्या चिऱ्याचं आहे. पिवळ्या उजेडात तो चिरा तापलेल्या तांब्यासारखा दिसतो, निळ्यात नुसता काळा पडतो. पण खरं कारण आजी. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात समोरून फोकस मारले होते. तिने सगळ्या मंगलाष्टका डोळ्यांवर पदर धरून ऐकल्या. अक्षता टाकल्या त्याही अंदाजानेच. या लग्नात तिला नातीचं तोंड दिसायला हवं, एवढीच माझी दिव्यांकडून अपेक्षा आहे. बाकी शोभा त्यानंतर.

अडचणी अशा. घराचं कनेक्शन सिंगल फेज. मांडववाला म्हणतो, ‘लोडचं बघू, वरून घेऊ.’ म्हणजे तारेवर आकडा टाकून चोरीची वीज, आणि तो मी टाकू देणार नाही. दुसरं, रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी आहे, चाळीसेक पायऱ्या, रात्री दवाने निसरड्या होतात. तिथे दिवे त्याच्या यादीतच नाहीत. तिसरं म्हणजे किडे. भातकापणीनंतर दिव्याखाली पान वाढणं मुश्कील होतं.

अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
मी वायरमन आहे, म्हणून आधी लोड. सहा हजार वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २६ अँपिअर, तेही नुसते हॅलोजन. त्याऐवजी ५० वॉटचे दहा एलईडी फ्लड घ्या, पाचशे वॉटमध्ये खळं उजळेल. महावितरणकडे तात्पुरत्या कनेक्शनसाठी अर्ज आत्ताच करा. साउंड आणि आचाऱ्याचे मिक्सर जनरेटरवर टाका. १५ केव्हीएचा जनरेटर साधारण १२ किलोवॉट देतो, तुम्हाला पुरून उरेल. तो आगराच्या (बागेच्या) पलीकडे ठेवा, नाहीतर मंगलाष्टका ऐकू येणार नाहीत. मांडवातले दोन दिवे मात्र घरच्या इन्व्हर्टरवर हवेतच. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतचा काळोख नेमका नको त्या वेळी येतो. मांडवाच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि वायरचा एकही जोड जमिनीवर ठेवू नका. दव पडतं तिथे या दोन गोष्टींत काटकसर करायची नाही.

प्रतिसाद २
लग्नांचे फोटो काढतो. आजींसाठी आणि कॅमेऱ्यासाठी उत्तर एकच आहे: समोरून फोकस नको. वधूवरांच्या दोन्ही अंगांना, नऊ-दहा फुटांवर, तिरपे खाली झुकलेले दोन दिवे लावा आणि पुढे पांढरं सुती कापड ताणा. उजेड चेहऱ्यांवर पडेल, दिवा कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही. आजींची खुर्ची त्यातल्या एका दिव्याच्या खालीच ठेवा, म्हणजे तो त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच येणार नाही. खोक्यावर ३००० के (पिवळसर उजेड) आणि सीआरआय ९० (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) बघून घ्या. पिवळ्यात पांढरा मिसळला की हळदीचे चेहरे आजारी दिसतात. स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, व्हिडिओत त्यांचे पट्टे येतात. म्हणून फोटोग्राफरला त्याच दिव्यांखाली आधी चाचणी घ्यायला सांगा. आणि दिवे साडेपाचलाच लावून ठेवा. अष्टकांच्या मध्ये कोणी बटणाकडे धावलं की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं.

प्रतिसाद ३
किड्यांसाठी: पिवळ्या उजेडावर ते कमी येतात. आम्ही गोठ्यामागे एक लख्ख पांढरा दिवा लावला होता, बरेच किडे तिकडे गेले. पंगतीवर थेट दिवा नको, बाजूला हवा. पाखाडीला उंचावरचा दिवा लावू नका, माणसाची स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडते. गुडघ्याएवढ्या उंचीवर, एका अंगाला, चार-पाच पायऱ्यांआड एक. वळणावर दोन.

धागाकर्ता
तिघांचेही मनापासून आभार. दिवाळीला आम्ही सगळे घरी असू. भाऊबीजेच्या संध्याकाळी आजीला तिच्या जागी बसवून, कापडाआडून दोन दिवे लावून बघतो. बहिणीला समोर उभी करतो आणि आजीलाच विचारतो. पाखाडीसाठी दिवाळीचेच आकाशकंदील वापरावेत असं मनात आहे. कागदी कंदील दवाने मलूल पडतील, म्हणून कापडी शिवून घ्यायचे आहेत. आत ३ वॉटचा बल्ब घातला तर पायरीची कड नीट दिसेल, की ५ वॉटचा लागेल? कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.