मदत हवी आहे: आईला (वय ६४, डायबेटिस) हेअर स्पा आणि पेडिक्युअरला न्यायचंय, काय काय सांभाळू?

नमस्कार मंडळी, लिहिताना जरा लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा.

आईला डायबेटिस होऊन १४ वर्षं झाली. आयुष्यात एकदाही पार्लरची पायरी चढलेली नाही, केस घरीच रंगवते आणि टाचांना हाताला लागेल ते चोळते. बहिणीने आता तिच्यासाठी पॅकेज बुक केलंय, त्यात हेअर स्पा, रूट टचअप (मुळांशी डाय लावणं), केरॅटिन (केस सरळ-मऊ करायची ट्रीटमेंट) आणि पेडिक्युअर असं सगळंच आहे. आई आधी नको नको म्हणत होती, "माझ्या असल्या भेगाळलेल्या पायांना परक्या माणसानं हात लावायचा म्हणजे मलाच कसंतरी होतं". आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतःच हळूच विचारलं, "तिथे पाय किती वेळ चोळून देतात गं?" मला इतकं भरून आलं ना. त्यामुळे न्यायचं तर नक्की आहे, फक्त तिला काही इजा व्हायला नको.

भीती वाटते ती माझ्या स्वतःच्या अनुभवामुळे. दोन वर्षांपूर्वी मी सकाळी पायांवर रेझर फिरवला आणि दुपारी पेडिक्युअरला गेले, बुडबुडे येणारा जेटवाला टब होता, आणि नंतर काही आठवड्यांत पोटऱ्यांवर लाल गाठी आल्या, त्या पिकल्या, बऱ्या व्हायला कित्येक महिने गेले, डाग अजून आहेत. डॉक्टर म्हणाले की टबच्या जाळीमागे केस आणि त्वचेचा मळ अडकून राहतो, तिथे जंतू वाढतात आणि रेझरच्या बारीक ओरखड्यांतून आत शिरतात. नंतर वाचलं तर २००० साली कॅलिफोर्नियात एकाच सलूनच्या अशा टबांमुळे १०० हून जास्त जणींना फोड आले होते, आणि पाय शेव्ह करून गेलेल्यांना धोका जास्त होता. मी निभावून गेले पण आईच्या पायाला जखम झाली तर ती भरणार कधी?

तिच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात तळव्यांना नायलॉनचा बारीक दोरा टेकवून तपासलं, तर डाव्या पायाला दोन ठिकाणी तिला कळलंच नाही. म्हणजे पाणी जास्त गरम असलं किंवा टाच घासताना कापलं तरी तिला समजणार नाही. करंगळीजवळ एक कुरूपही आहे.

केसांचं वेगळंच. तीन महिन्यांपूर्वी तिला मोठा ताप येऊन गेला आणि आता कंगव्यात पुंजके येतात. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि बहुतेकदा आपोआप थांबतात हे मला माहीत आहे, पण अशात केरॅटिन करावं का? शिवाय मागच्या वेळी डाय लावल्यावर कानामागे खाज सुटली होती, ते तिने मला आत्ता सांगितलं!

तर कुणी डायबेटिस असलेल्या माणसाला नेलं असेल तर सांगा ना, पेडिक्युअर पूर्ण रद्द करू का काही भाग करता येईल? आणि पार्लरवाल्यांना हे सगळं कसं सांगू, म्हणजे त्यांनाही वाईट वाटायला नको आणि आईलाही संकोच नको.

प्रतिसाद १:
ताई, मी १० वर्षं सलूनमध्ये काम करते म्हणून लिहिते. केरॅटिन सरळ काढून टाका. गरम इस्त्री फिरवली की त्यातून फॉर्मल्डिहाइडची वाफ येते, डोळे चुरचुरतात, आम्हालाच त्रास होतो. फॉर्मल्डिहाइड-फ्री म्हणून जे येतं त्यात बरेचदा ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं आणि त्याने काहींच्या किडनीला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात, डायबेटिसवाल्यांनी तर त्या वाटेलाच जाऊ नये. आणि डाय बंद म्हणजे बंद, आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. खाज आलेल्या माणसाची पार्लरमध्ये ४८ तासांची पॅच टेस्टसुद्धा (थोडा डाय त्वचेवर लावून बघणं) मी करणार नाही, पुढची रिॲक्शन जास्त जोरात येऊ शकते. साधा हेअर स्पा करा, क्रीम, हलका मसाज, वाफ कमी. बॅकवॉशला, म्हणजे बेसिनवर डोकं मागे टाकून केस धुताना, मान फार मागे जाते, वयस्कर माणसांत मानेतली रक्तवाहिनी दबून स्ट्रोक आल्याचं १९९३ पासून नोंदलेलं आहे, तेव्हा मानेखाली टॉवेलची जाड गुंडाळी मागून घ्या आणि चक्कर आली तर लगेच उठवा.

प्रतिसाद २:
माझ्या वडिलांचे पाय मी रोज बघतो, त्यावरून सांगतो. ब्लेड, कॉर्न कटर, तापवलेलं पॅराफिन (मेण) यातलं काही नको. कुरूप डॉक्टरांकडेच काढायचं. जेट टब नको, साधं घमेलं किंवा टब आणि पाणी कोमट, हात घालून तुम्ही बघा, आईंना विचारू नका. पाच मिनिटांच्या वर भिजवायचं नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत नाहीतर नखुरडं होतं, क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) मागे ढकलायचं नाही. घरची नेलकटर आणि फाइल घेऊन जा, कारण निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवलेली हत्यारं निर्जंतुक झालेली नसतात, त्याला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) लागतो. टाचेला युरियावालं क्रीम चालतं, बोटांच्या बेचक्यात मात्र नाही, तिथे ओल राहून बुरशी होते. पण आधी तिच्या डॉक्टरांना एकदा पाय दाखवून विचारा, संवेदना कमी झाल्यात ना.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आज डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले जखम किंवा उघडी भेग नसेल तर धुणं, पुसणं आणि हलका मसाज चालेल, बाकी काही नाही, आणि घरी आल्यावर तळवे उजेडात नीट बघा. सलूनला पण मी एकटीच आधी जाऊन आले, म्हणजे आईसमोर बोलायची वेळच नको. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, केरॅटिन आणि टचअपच्या वेळात पायांचा मसाज लांबवून देते म्हणाली. सकाळची पहिली वेळ घेतली, धुतलेला टब मिळेल म्हणून.

एकच राहिलं. आईला नेलपेंट लावायचंय, लाल. आयुष्यात पहिल्यांदा मागितलंय तिने. गडद रंगाखाली नख काळंनिळं झालं तर दिसणार नाही ही धाकधूक आहे, दोन-तीन दिवस ठेवून काढलं तर चालेल का, का हातालाच लावू? कुणी सांगाल का, मंगळवारी जायचंय.