पेट्रोलची लाइन उघडण्याआधी दाब कसा काढता? अनुभव सांगा

मागच्या रविवारी गाडीखालचा पेट्रोल फिल्टर बदलायला घेतला. इंजिन बंद करून अर्धा तास झाला होता. पाठीवर पडून क्लिप दाबली, नळी जराशी ओढली आणि बारीक धार थेट तोंडावर आली. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. पण पेट्रोल मनगटावरून बाहीत शिरून पार काखेपर्यंत ओघळलं. तिथली कातडी दोन दिवस चुरचुरत होती.

मग नीट समजून घेतलं. टाकीतल्या पंपाला एकमार्गी झडप असते. गाडी पुन्हा पटकन सुरू व्हावी म्हणून ती इंजिन बंद झाल्यावरही लाइनमधला दाब धरून ठेवते. साध्या एमपीएफआय गाडीत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) हा दाब ३ ते ४ बारच्या आसपास असतो. टायरमध्ये आपण सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या.

आता मी असं करतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, टाकीचं झाकण उघडून आतली वाफ सोडायची, फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा. मग गाडी सुरू करायची आणि ती आपोआप बंद पडली की वर दोन-तीन सेकंद सेल्फ मारायचा. चावी काढायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. सांध्याभोवती जाड कापड गुंडाळून हळूहळू सैल करायचं. एवढं करूनही कपभर पेट्रोल येतंच, म्हणून खाली पत्र्याचं भांडं हवं.

तुमचेही अनुभव लिहा. जे चुकलं, ते आधी लिहा.

गॅरेजवाला, सांगली

२६ वर्षं झाली या धंद्यात. कार्बोरेटरच्या गाड्यांवर हात बसलेला. तेव्हा नळी ओढली तर चमचाभर पेट्रोल सांडायचं, दाब असा नव्हताच. एमपीएफआय गाड्या आल्या तरी हाताची सवय तीच राहिली, आणि ती एका पोराला भोवली.

गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरून तो फिल्टर सोडत होता. शेजारी जुना बल्बचा हँडलॅम्प टांगलेला. धार तापलेल्या बल्बवर गेली, बल्ब फुटला आणि भडका उडाला. मी वरून आग विझवायचा पावडरचा सिलिंडर मारला. पोराच्या भुवया आणि हातावरची लव गेली, जीव वाचला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते. हे मला त्या दिवसाआधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी त्याला सांगितलं नव्हतं.

आता पेट्रोलचं काम खड्ड्यात होत नाही, रॅम्पवर होतं. दिवा बॅटरीवरचा, एलईडी. पावडरचा सिलिंडर कामाच्या जागेपासून दोन पावलांवर. आणि काढलेला फ्यूज काम करणाऱ्याच्या खिशात. फ्यूज बॉक्सवर ठेवला तर दुसरा कुणी सहज बसवतो आणि चावी फिरवतो.

टॅक्सी, ठाणे

सीएनजीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. फ्यूज काढून गाडी सुरू केली आणि बंद पडायची वाट बघत बसलो. ती पडेचना! गाडी गॅसवर गेली होती. गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, म्हणजे पेट्रोलच्या लाइनमधला दाब जसाच्या तसा. आधी स्विच पेट्रोलवर टाका, मगच फ्यूज काढा. गॅसच्या नळीला मात्र आपण हात लावायचा नाही. सिलिंडरमध्ये २०० बार असतात, ते काम परवानाधारक माणसाचं.

कॉलेजला स्कूटर नेणारी, सातारा

दुचाकीलाही हेच लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हे प्रदूषणाचे नियम आले, तेव्हापासून बहुतेक स्कूटरमध्ये इंजेक्शन आणि टाकीत पंप. कोपऱ्यावरचे काका जुन्या सवयीने नळी ओढायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं, पंपाचा कनेक्टर काढून स्कूटर बंद पडू दिली, मग नळी सोडली. थेंबभर आलं. काका म्हणाले, "पोरी, हे बरं सांगितलंस."

डिझेल फिटर, चाकण

डिझेलवाल्यांनी वरची पद्धत आपल्या गाडीवर वापरू नये. जुन्या पंपावर हवा काढायला आम्ही चालू इंजिनवर नोझलचा नट सैल करायचो. कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांवर, ते केलं तर जीवाशी खेळ आहे. तिथे १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. इंजिन बंद करून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचंच.

माझ्या जोडीदाराने गळती शोधायला चालू इंजिनवर पाइपावरून बोट फिरवलं. बोटावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, रक्तही नाही. "काही नाही रे," म्हणाला. रात्रीपर्यंत बोट काळंनिळं होऊन फुगलं. डिझेल कातडीखाली घुसलं होतं. ऑपरेशन करून आतून साफ करावं लागलं, बोट आजही पूर्ण वळत नाही. ठिपका कितीही लहान दिसो, त्याच तासाला हॉस्पिटलला जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाने डिझेल आत गेलंय. गळती बघायची तर पुठ्ठा धरा.

मस्कतहून

इथे उन्हाळ्यात टाकीचं झाकण फिरवलं की फुस्स आवाज येतो आणि वाफेचा झोत तोंडावर. झाकण अर्धं फिरवून थांबतो, आवाज बंद झाला की पूर्ण काढतो. काम पहाटेच, सावलीत.

पुन्हा मीच, धागा काढणारा

चाकणच्या दादांचं वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

एक राहिलं होतं, काम झाल्यावरचं. फ्यूज आणि बॅटरी जोडून मी लगेच सेल्फ मारत नाही. चावी नुसती ऑन करतो, पंप दोन-तीन सेकंद घुं करतो, मग ऑफ. असं तीनदा, आणि दर वेळी खाली वाकून सांधा बघतो. रविवारी तिसऱ्या वेळी सांध्यावर एक थेंब जमला. सोडून बघितलं तर ओ-रिंगला (सांध्यातल्या रबरी कडीला) बारीक चीर होती. नवी आणली, बोटाने तेल लावून बसवली, पुन्हा तीनदा चावी. सांधा कोरडा राहिला, तेव्हाच गाडी सुरू केली.