मदत हवी आहे : वैमानिक, गुणवत्ता आणि वंशवैविध्य

बेळगावजवळ सांबऱ्यात पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांची वादविवादाची तयारी घेतेय. विषय : 'वैविध्यामुळे वैमानिकांचा दर्जा घसरतो का?' वाद पेटलाय अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्स या विमान कंपनीवरून. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं, २०३० पर्यंत ५००० वैमानिक घडवू, त्यांतले किमान निम्मे स्त्रिया किंवा गोरेतर असतील. मुलं म्हणतात, मेरिट बुडालं. मला हे पटत नाही. तिथे परवान्याची परीक्षा, साधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाची अट सगळ्यांना सारखीच. अडतं ते फीवर! इथल्या विमानतळावरच प्रशिक्षण मिळतं, पण शेतकऱ्याच्या पोरीनं लाखो रुपये आणायचे कुठून?

अमेरिकेचे परवान्याचे नियम वाचलेत, बातम्याही. मतं नकोत. पैशाअभावी प्रशिक्षण अर्ध्यात सोडणाऱ्यांची आकडेवारी, मराठी, कन्नड किंवा इंग्रजीत, कुठे मिळेल?