प्रतिसाद: संघ जिंकला नाही तरी

मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की विद्यापीठाचा संघ जिंकत राहिला की प्रेक्षक आपोआप येतात. मला हे अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ बघा. २०१७ ते २०२३ अशा सलग सात हंगामांत त्यांचे विजय कमी आणि पराभव जास्त, तरी लिंकन शहरातल्या त्यांच्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला विकली गेली आहेत. (मधे काही वेळा उरलेली तिकिटं देणगीदारांनी घेतली, हेही खरं. पण तीही निष्ठाच!) त्या राज्यात बड्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच अख्ख्या राज्याचा संघ. ३० ऑगस्ट २०२३ ला त्याच मैदानात मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ लोक आले. आकडा वाचून अंगावर काटा येतो.

उलट यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ. फुटबॉलचा इतिहास मोठा, पण १९८२ पासून घरचे सामने पासाडेना शहरातल्या रोझ बोल स्टेडियममध्ये, कॅम्पसपासून सुमारे ४० किलोमीटरवर. लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमधून विद्यार्थ्यांनी दर वेळी तिथवर जायचं? त्यात शहरात व्यावसायिक संघांची रेलचेल. माझ्या मते प्रेक्षक वाढवायचे तर प्रशिक्षक बदलण्याआधी विद्यार्थ्यांना मैदानापर्यंत पोचणं सोपं करायला हवं.