सणाच्या जेवणाची कामे कशी वाटून घ्यावीत?

प्रश्न: यंदा सणाला आमच्याकडे २२ माणसे जेवायला येणार आहेत. आजवर सगळा स्वयंपाक आई एकटीच करत आली. गेल्या वर्षी मात्र सर्वांची जेवणे आटोपल्यावर ती ओट्याशी उभ्यानेच चार घास खाताना दिसली आणि मला अपराधी वाटले. घरची रीत न मोडता कामे कशी वाटावीत?

उत्तर १: कोणता पदार्थ त्यांना स्वतःच्याच हातांनी करायचा आहे, हे आधी आईंना विचारा. उरलेले पदार्थ नावानिशी वाटून द्या, कारण ‘काहीतरी घेऊन या’ असे मोघम सांगितले की चौघेजण गोडच आणतात (आमच्याकडे एकदा पाचजणांनी आणले होते).

उत्तर २: शिजवलेले अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये, म्हणून लांबून येणाऱ्यांकडे कोरडे, टिकाऊ पदार्थ सोपवावेत. उरलेले अन्न खोल पातेल्यात तसेच न ठेवता उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास लवकर थंड होते.

प्रश्नकर्ता: आईला विचारले. स्वयंपाक सोडायला ती तयार आहे, वाढणे मात्र सोडणार नाही म्हणते.

उत्तर १: मग सगळे पदार्थ मध्यभागी मांडा आणि त्यांची खुर्ची तिथेच ठेवा, बसल्या बसल्या वाढता येईल.