प्रतिसाद: देखरेख हवीच, पण कशावर?
वर कुणीतरी म्हटलंय, कारागिरीच्या प्रशिक्षणातून सरकारने हात काढून घ्यावा, कंपन्या आपली माणसं तयार करतील. बडोद्यात राहून हे गळी उतरत नाही. १८९० चं कलाभवन, म्हणजे इथली तंत्रशिक्षणाची संस्था, राज्यकर्त्या सयाजीरावांनीच उभी केली. आज लालबागेतलं गतिशक्ती विद्यापीठही रेल्वे मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे.

दुखणं वेगळंच आहे. भाच्याच्या आयटीआयत तपासणीला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवरचं प्लास्टिक निघालं, फोटो झाले, प्लास्टिक परत चढलं! हजेरीपट मात्र चोख. परीक्षा घेणाऱ्या संस्थांना मान्यता देणारी एनसीव्हीईटी ही केंद्राची व्यवसाय शिक्षण परिषद २०१८ पासून कागदावर आहेच; पण देखरेख पोराच्या हातातल्या कामावर हवी. तपासनीसाने कुठल्याही पोराला बोलवावं, समोर एक शाफ्ट (लोखंडी दांडा) मशीनवर कातायला लावावा आणि मायक्रोमीटर या बारीक मापाच्या उपकरणाने मोजून बघावा. रजिस्टर नंतर चाळा.