आईच्या कानाखाली गाठ, सुईच्या तपासणीत साधी आलीय, तरी ऑपरेशन कशाला?

घरकुलकर_सोलापूर
नमस्कार, आईचं वय ५२, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. डाव्या कानाच्या पाळीखाली गाठ आहे, दुखत नाही काही नाही, बरीच वर्षं हळूहळू वाढतीय. आधी गालगुंड समजून शेजारच्या आजींनी लेप लावायला दिला, पण उतरलीच नाही. आता सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झाली, रिपोर्टमध्ये प्लिओमॉर्फिक अडेनोमा लिहिलंय, म्हणजे लाळेच्या ग्रंथीची साधी गाठ, कॅन्सर नाही असं डॉक्टर म्हणाले आणि लगेच म्हणाले काढून टाका. मामा म्हणायलेत साध्या गाठीला चाकू लावला की पसरते आणि तोंड वाकडं होतंय. नेटवर एका ठिकाणी लाळेच्या ग्रंथीच्या गाठी ८० टक्के साध्या असतात म्हणतेत, दुसरीकडं निम्म्या कॅन्सरच्या. खरं काय धरायचं? आणि हे तंबाखूमुळं झालं का? आई तेच धरून बसलीय, रात्री झोपत नाही.

स्लाईडवाला
दादा, दोन्ही आकडे खरे असू शकतात, गाठ कुठल्या ग्रंथीत आहे त्यावर आहे. कानाजवळची पॅरोटिड ही सगळ्यात मोठी लाळग्रंथी, गाठी सगळ्यात जास्त तिथंच होतात आणि त्यातल्या साधारण दहातल्या आठ साध्या. जबड्याखालच्या ग्रंथीत हेच प्रमाण निम्म्यावर येतं, आणि टाळूवर किंवा ओठात ज्या बारक्या ग्रंथी असतात तिथल्या गाठी कमी दिसतात पण दिसली की निम्म्या किंवा जास्त कॅन्सरच्या निघतात. ग्रंथी जेवढी लहान तेवढी गाठीची काळजी जास्त, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकायला लावतात.

दुसरं म्हणजे हॉस्पिटलचे आकडे म्हणजे गावाचे आकडे नव्हेत. सोलापूरला धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडून पेशंट येतात, पण न दुखणारी गाठ घेऊन वर्षानुवर्षं घरी बसणारा माणूस येतच नाही, ज्याचं तोंड वाकडं झालं किंवा गाठ भराभर वाढली तो एसटीत बसून येतो. म्हणून मोठ्या हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये कॅन्सरचं प्रमाण फुगलेलं दिसतं.

तंबाखूचं आईला नीट समजावून सांगा. तोंडाच्या कॅन्सरशी तंबाखूचं नातं पक्कं आहे, पण लाळग्रंथीच्या गाठींमध्ये ओढणाऱ्यांशी ठळक जोडलेली गाठ म्हणजे वॉर्थिन ट्यूमर, ती जास्त करून वयस्कर पुरुषांत होते, कधी दोन्ही बाजूंना. आईच्या रिपोर्टमध्ये ती नाहीये. प्लिओमॉर्फिक ही सगळ्यात जास्त दिसणारी गाठ, तंबाखूला कधी हात न लावलेल्यांनाही होते. त्यांचा यात काही दोष नाही हे त्यांना स्पष्ट सांगा.

अक्कलकोट_रोड
माझं हेच ऑपरेशन झालंय, तुमच्या आईसारखंच डाव्या बाजूला. चेहऱ्याची नस त्या ग्रंथीतूनच जाते म्हणून सर्जन आधी नस शोधतात मग गाठ काढतात. मला थोडे आठवडे डोळा नीट मिटत नव्हता, नंतर सगळं जागेवर आलं. कानाची पाळी अजून बधिर आहे आणि जेवताना त्या गालावर घाम येतो, पण हे होऊ शकतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. मामांना सांगा वाकडं तोंड कायमचं राहील असं धरून बसू नका, पण सर्जनला विचारून घ्या की अशा केसेस ते नेहमी करतात का.

बार्शीची_ताई
माझ्या काकांचं ऐका. एका दवाखान्यात नुसती गाठ खरवडून काढली, भोवतीची ग्रंथी तशीच ठेवली. या गाठीचं कवच काही ठिकाणी फारच पातळ असतं, फुटलं की डाळिंबाचे दाणे सांडावेत तसे बारके तुकडे मागं राहतात. काकांना काही वर्षांनी त्याच जागी एकाऐवजी चार-पाच गाठी आल्या आणि दुसरं ऑपरेशन खूप अवघड गेलं. मामा पसरते म्हणतात ते अशा अर्धवट कामामुळं होतं, चाकू लावल्यामुळं नाही. आजूबाजूच्या ग्रंथीसकट काढणार ना, हे आधीच विचारा. आणि महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

घरकुलकर_सोलापूर
सगळ्यांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं, तंबाखूचं ऐकून रडली पण हलकी झाली. आता म्हणतीय गड्ड्याची यात्रा होऊ दे मग करू. साधीच आहे तर थांबलं तर चालतंय का?

स्लाईडवाला
महिना-दोन महिन्यांनी फरक पडत नाही, पण यात्रा झाली की मग उन्हाळा, मग लग्नं, असं नको. ही गाठ वर्षानुवर्षं ठेवली तर तिच्यातच कॅन्सर होण्याचा धोका वाढत जातो, आणि आईची आधीच जुनी आहे. सुईने गाठीतला थोडासाच भाग बघितला जातो, पूर्ण खात्री गाठ काढून तपासल्यावरच होते. मधल्या काळात गाठ एकदम वाढली, दुखायला लागली, ओठ किंवा डोळ्याची हालचाल कमी झाली, मानेत दुसरी गाठ हाताला लागली तर यात्रा बित्रा काही बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा. आणि सुईच्या तपासणीच्या काचा, म्हणजे स्लाईड, लॅबमधून मागून घ्या, दुसरीकडं दाखवायची वेळ आली तर नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही.